तबकडी एक, भाव दोन

आमच्या कर्मचारी पतसंस्थेचा मी मानद खजिनदार आहे. मानद म्हणजे पगार नाही, बोलणी मात्र पूर्ण वेळ.

परवा संस्थेच्या सर्व्हरमधल्या डिस्कनं मान टाकली. नागपूरच्या एका विक्रेत्याचं कोटेशन आलं : ४ टेराबाइट, ३१,००० रुपये. तेवढ्याच मापाची डिस्क मी चिरंजीवांच्या कॉम्प्युटरला ९,००० ला आणली होती. कारखाना तोच, मिनिटाला फेरे तेच ७,२००.

मी फोन लावला.

"सर, ही एंटरप्राइझ डिस्क आहे," तो अशा आवाजात म्हणाला, की मी खानावळीत एकादशीला मटण मागितलं असावं. "चोवीस तास चालते."

"आमची संस्था साडेपाचला बंद होते."

"सर, वीस लाख तासांचं एमटीबीएफ आहे!"

आकडा दिसला की बँकेतल्या माणसाला भागाकार सुचतो. वीस लाख तास म्हणजे २२८ वर्षं! दुसऱ्या बाजीरावानं ही डिस्क घेतली असती, तर पेशवाई बुडाली तरी दप्तर शाबूत राहिलं असतं. हमी मात्र पाचच वर्षांची. खरा अर्थ एवढाच, की हजार डिस्का वर्षभर चालवल्या तर चार-पाच बिघडतील. पण असं सांगून कोण विकतो?

खोटं कशाला बोला, फरक आहे. साध्या डिस्कला एखादी नोंद वाचता आली नाही, तर हरवलेलं व्हाउचर शोधणाऱ्या नव्या कारकुनासारखी ती शोधतच बसते. सर्व्हरला वाटतं, गेली ही. महागडी डिस्क सातएक सेकंदांत सांगते, "इथे नाही, पलीकडच्या काउंटरला विचारा." शेजारणींची थरथरही ती जास्त सोसते. आठ-दहा डिस्कांच्या पेटीत ही शिस्त हवीच. आमच्याकडे डिस्का दोन!

आणि टिकाऊपणा? बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लोकांच्या फायली हजारो डिस्कांवर सांभाळते. तिनं २०१३ साली आपला हिशेब जाहीर केला : वर्षाकाठी साध्या डिस्का ४.२ टक्के बिघडल्या, महागड्या ४.६ टक्के. महागड्या संख्येनं थोड्या होत्या, त्यांचं कामही वेगळं होतं. म्हणून त्यांना वाईट म्हणत नाही. पण तिप्पट भावाला थोडा तरी जास्त टिकाऊपणा दिसावा की नाही?

माझ्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. तिथले चरखे पाहिले की मला १९२९ सालची जाहिरात आठवते. अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटी अशा : किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, नीट निगा राखली तर वीस वर्षं चालावा, आणि झिजलेल्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. याला म्हणतात खरेदी! काय हवं, किती टिकायला हवं, दुरुस्ती केवढ्याची, हे घेणाऱ्यानं ठरवलं. आम्ही मात्र विकणाऱ्यालाच विचारतो, "आम्हाला काय हवंय हो?"

अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, निवृत्त लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे. धोका नको." इथेच तर मेख आहे. धोका नको म्हणणाऱ्यालाच सगळं महाग मिळतं. अहो, हमीत नवी डिस्क मिळते, खातेवही नाही! चोरी झाल्यावर कपाट बदलून मिळावं, दागिने गेले ते गेले, त्यातला प्रकार. हिशेब वाचवते ती दुसरी नक्कल.

मीटिंगला चहा घेऊन आलेला आमचा शिपाई हे ऐकत होता. तो म्हणाला, "मंग साध्याच जास्तीच्या घ्या ना जी. एक गेली तं दुसरी राहील."

तोच ठराव पास झाला. दोन डिस्का सर्व्हरमध्ये जोडीनं, तिसरीवर रोजची नक्कल. ती रात्री कपाटाच्या कुलपात, संस्थेबाहेर. तीन डिस्का, २७,००० रुपये. एका एंटरप्राइझपेक्षा चार हजारांनी कमी.

विक्रेत्याला कळवलं, तर म्हणाला, "सर, रिस्क तुमची."

म्हटलं, "बाबा रे, ती एकतीस हजारांतही माझीच होती!"