शिक्षकाला गावात घर हवे

शहापूर-मुरबाडच्या शाळांविषयी बोलणे निघाले की पहिली तक्रार ठरलेली असते : गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत. तक्रार खोटी नाही. आसनगाव, खर्डी, कसाऱ्यापर्यंत लोकल येते. पुढे डोळखांब, किन्हवलीकडे एसटीची वाट पाहावी लागते. मुरबाडला रेल्वेच नाही. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने टोकावडे गाठायचे आणि तेथून पाडा. परतीची गाडी चुकू नये म्हणून शिक्षकाचे निम्मे लक्ष घड्याळाकडे राहते, आणि त्यात मुलांचे नुकसान होते.

यावर शासनाने काढलेला उपाय कागदी आहे. शिक्षक मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव घ्यावा, असा निर्णय २०१९ मध्ये झाला. परंतु पाड्यावर भाड्याने खोली मिळते का, हे ग्रामसभेला विचारले गेले नाही. ठाकूर-कातकऱ्यांच्या कुडाच्या घरात स्वतःच्याच माणसांना जागा अपुरी. भाडेकरू ठेवणार कुठे? सातवा वेतन आयोग राज्यात लागू झाला तेव्हा घरभाडे भत्ता मुंबईत मूळ वेतनाच्या २४ टक्के, तर खेड्यात ८ टक्के ठरला. हा हिशेब बाजारभावाचा. जिथे भाड्याचे घरच नाही तिथे बाजारभाव कसला? शिक्षणसेवकाची अडचण याहून मोठी. प्राथमिक शाळेत त्याला पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर काढावी लागतात. ते ६,००० रुपये होते, २०२३ पासून १६,००० झाले. त्यातून प्रवास करायचा की बिऱ्हाड थाटायचे?

जुन्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये आपले केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि तेथेच राहून काम केले. त्यांचे नाव घेऊन आजच्या शिक्षकाला लाजवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. असामान्य त्यागावर सामान्य शाळा चालवता येत नाही. अनाथपिंडिकाने जेतवन दिले, कारण भिक्खूंच्या निवाऱ्याचा भार उपासकांनी उचलायचा असतो हे त्याला कळले होते.

निवासी शाळेत वाढलेल्या आपणा सर्वांना रात्रीच्या अभ्यासाला शिक्षक हाकेच्या अंतरावर असण्याचे मोल वेगळे सांगावे लागू नये. म्हणून सूचना करतो. ग्रामपंचायतीने शाळेलगत जागा द्यावी, जिल्हा परिषदेने बांधकामाला निधी द्यावा आणि उरलेला भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. दोन खोल्या, स्वच्छतागृह, पक्के दार आणि पाणी. पाण्याचा उल्लेख मुद्दाम करतो. भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवतात, तरी शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. नळ नसलेल्या निवासात कोणी टिकणार नाही. त्याचे दोन वर्षांत गोदाम होईल. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेचा विचार आराखड्यातच व्हावा, आणि अशी पहिली खोली कोणत्या पाड्यावर बांधायची हे पालकांनी ठरवावे.