बोगदा ठेवावा कीं काढावा?

शाळेच्या प्रदर्शनांत आगगाडीची प्रतिकृति मांडली म्हणजे तिच्याभोंवतीं गर्दी जमते, हा सर्वांचाच अनुभव आहे. गेल्या वर्षीं आमच्या टेबलाभोंवतींही तशीच गर्दी जमली. वऱ्हाडांत लोक जिला प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणतात, ती मूर्तिजापूर ते अचलपूर धांवणारी अरुंद रुळांची गाडी आम्हीं आठ फूट लांबीच्या एका फळीवर उभी केली होती. गाडी डोंगरांतील बोगद्यांत शिरून पलीकडून बाहेर पडे, तेव्हां लहान मुलें टाळ्या वाजवीत. तोच बोगदा आतां काढून टाकावा, असें आमचें मत झालें आहे. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम हीच गाडी कां निवडली, तें सांगितलें पाहिजे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतून मुंबई–नागपूर हा मोठा लोहमार्ग जातो, आणि जलंबहून खामगांवला जाणारा फांटाही रुंद रुळांचाच आहे. अरुंद रुळांची ‘शकुंतला’ पाहण्यास शेगांवहून अकोल्यापलीकडे मूर्तिजापूरला जावें लागे. तेथून एक फांटा ७६ किलोमीटरवर अचलपूरला व दुसरा ११३ किलोमीटरवर यवतमाळला जाई. दोन रुळांमधील अंतर अवघें ७६२ मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या मार्गापर्यंत पोहोंचविण्यासाठीं हे रूळ टाकण्यांत आले. तो कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई, आणि १९२१ सालीं मँचेस्टर येथेंच बनलेलें वाफेचें इंजिन या रुळांवर धांवे. १९९४ सालीं त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. गेलीं कांहीं वर्षें तर गाडीच बंद आहे. म्हणजे ती पाहावयाची झाल्यास आमच्यासारख्या मुलांना आज फळीवरच पाहावी लागते, आणि म्हणूनच त्या फळीवर खोटें कांहीं असूं नये.

प्रतिकृतींत पुष्कळ वगळावें लागतें, हें आम्हांस मान्य आहे. एकास ८७ या प्रमाणानें ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ मिलिमीटर होतात. त्यामुळें बाजारांत मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ चालतात. परंतु त्याच प्रमाणानें ७६ किलोमीटरचा मार्ग साडेआठशे मीटरांहून लांब होईल. आठ फुटांत तो कसा मावावा? तेव्हां वगळणें हा दोष नव्हे. जें तेथें कधींच नव्हतें तें घालणें, हा मात्र दोष आहे.

हें आम्हांस कळलें तें एका आजोबांमुळें. ते अंजनगांवकडचे. बराच वेळ त्यांनीं गाडी पाहिली आणि मग हंसून विचारलें, “बाळांनो, हा डोंगर कुठला? आमच्या गाडीला तर दोहों बाजूंना कपाशी दिसे.” आम्ही खजील झालों. बोगदा आम्हीं बोरघाटाच्या चित्रावरून उचलला होता! पुढें त्यांनीं तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखविलें. लहान स्टेशनांवर बाबू नसे, गार्डच खालीं उतरून तिकिटें देई, असें ते म्हणाले. आमच्या सुबक खिडकींत मात्र टोपीवाला बाबू बसलेला होता.

आमच्यांतील कित्येकांचें म्हणणें असें कीं, बोगदा काढला तर लोक पाहतील काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाहीं. प्रेक्षकांवांचून प्रदर्शन कसलें? पण गेल्या वर्षीं दुपारीं गाडी बंद पडली ती बोगद्यांतच. आंत हात पोहोंचेना, रुळांवरची धूळ पुसतां येईना आणि वीज चाकांपर्यंत जाईना. टाळ्या थांबल्या आणि बोटानें गाडी ढकलण्याची पाळी आली. यंदा रुळाच्या प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र तार जोडणार आहों, रोज सकाळीं रूळ पुसणार आहों, आणि ने-आण करतांना फळी पिळवटूं नये म्हणून तिचे दोन भाग करून ते बोल्टांनीं जोडणार आहों. डोंगराच्या जागीं काळें रान, कपाशी, बाभळी आणि सरकी काढण्याचा कारखाना येईल. गाडीजवळ उभा राहून तिकिटें देणारा बोटाएवढा गार्ड पाहण्यासही मुलें थांबतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.

प्रदर्शन हें नुसतें मिरविण्याचें स्थळ नव्हे, पारखून घेण्याचेंही आहे. बार्शीची अरुंद रुळांची गाडी १८९७ सालीं सुरू झाली. पण तिचे कर्ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीं आदल्याच वर्षीं इंग्लंडांत लीड्सजवळ न्यूले येथें तिचे डबे व वाघिणी रुळांवर चालवून जाणकारांस दाखविल्या होत्या. खऱ्या गाडीस जर परीक्षा चुकली नाहीं, तर आमच्या खेळण्यास ती कां चुकावी? दरसाल नवी वस्तु करून जुनी अडगळींत टाकण्यापेक्षां, एकच वस्तु दरसाल थोडी अधिक खरी करणें, यांत आम्हांस अधिक शिक्षण दिसतें.

पालकांस एवढीच विनंति कीं, आपल्यापैकीं किंवा आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपैकीं ज्यांनीं ‘शकुंतले’नें प्रवास केला असेल, त्यांनीं यंदा प्रदर्शनास अवश्य यावें. गाडीचें कौतुक मागाहून करावें; आधीं चूक दाखवावी. ती दुरुस्त करण्यास आम्ही कानस आणि रंगाची कुंचली घेऊन टेबलामागें उभेच असूं.