फाटकीच प्रत घ्या

माझ्या कपाटात माओच्या ‘लाल पुस्तका’च्या दोन प्रती आहेत. दोन्ही तळहाताएवढ्या, लाल प्लॅस्टिकच्या वेष्टनातल्या. एक कोरी करकरीत. दुसरीची सुरुवातीची पानं गायब. पाहुणे पहिली हातात घेतात. मी दुसरी पुढे करतो.

गायब आहे ती लिन बियाओची प्रस्तावना. हा माओचा जाहीर वारसदार. सप्टेंबर १९७१ मध्ये मंगोलियात विमान कोसळून तो मेला आणि पुढे देशद्रोही ठरला. मग लोकांनी आपापल्या प्रतींतून त्याची पानं फाडली, कुणी नावावर शाई फासली. माझ्या प्रतीत शिवणीपाशी अरुंद पट्टी उरली आहे, अगदी सरळ रेषेत. संतापून फाडलेलं पान असं फाटत नाही. हे कुणीतरी घाबरून, पण नीटनेटकेपणानं, पट्टी लावून फाडलंय.

बीजिंगच्या पानजियायुआन बाजारात मी ती उचलली तेव्हा विक्रेत्यानं मान हलवली आणि चांगली प्रत समोर सरकवली. मला ग्राहक म्हणून अडाणीच समजला असणार. त्याच्याच शेजारी टिकटिकीसरशी लाल पुस्तक हलवणारी गजराची घड्याळं मांडली होती. पर्यटक हसत हसत घेत होते. ती मी घेत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या ज्या काळात माणसं भर सभेत गुडघ्यांवर बसवली गेली, त्याचं खेळणं टेबलावर कशाला?

संग्राहक मित्र म्हणतात, माल निर्दोष हवा. मला हे पटत नाही. डोंग शिवेनचं १९५३ मधलं चीनच्या स्थापना सोहळ्याचं चित्र घ्या. मंचावरचा एक नेता, गाओ गांग, मर्जीतून उतरला, चित्रातून पुसला गेला. सांस्कृतिक क्रांतीत लिऊ शाओचीची पाळी आली. चित्राच्या एकाच छापील प्रतीत नुसता समारंभ दिसतो. वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती शेजारी ठेवल्या की मंचावरचं कोण कधी नाहीसं झालं ते कळतं.

माओच्या बिल्ल्यांचं म्हणाल तर ते अब्जावधी निघाले. बिल्ल्यांत जाणारं ॲल्युमिनियम विमानांसाठी हवं म्हणून १९६९ मध्ये खुद्द माओनं तक्रार केली होती. त्यामुळे दुर्मीळ म्हणून कुणी बिल्ला गळ्यात मारू लागला तर हसून पुढे चला.

आणि जुनं काही मिळालंच तर पॉलिश करू नका, डिंक लावू नका. कुठे, कधी, कुणाकडून घेतलं, एवढं चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.