लढवय्याने गप्प का बसावे?

आपल्याकडे फाशांचे नाव काढले की आधी शकुनी आठवतो. त्यामुळे सुटीच्या दुपारी घरातली मुले फासे घेऊन बसली की आजीच्या कपाळाला आठी पडते. ती पडू नये म्हणून आधीच सांगतो : मी ज्या खेळाविषयी लिहितो आहे त्यात कुणी कुणाचे राज्य जिंकत नाही, पैसा लावत नाही, आणि खरे म्हणजे कुणी कुणाला हरवतही नाही. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी पुजारी. एक जण सूत्रधार. 'दरी आली, पूल तुटलेला आहे, पलीकडे मशाली दिसताहेत,' असे तो सांगतो. आपले पात्र आता काय करील ते इतरांनी सांगायचे. जमले की फसले ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने हा खेळ आणला. माझी लेक परळला राहते. तिच्याकडे माझी नात आणि तिची दोस्तमंडळी तो रविवारी खेळतात, आणि मी बाजूच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून सगळे ऐकत असतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ही सवय असतेच.

ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. लढवय्या घेतलेला मुलगा पहिले काही महिने सर्वांत खुशीत होता. चिलखत त्याचे, ढाल त्याची, दार फोडायचे तेही त्यानेच. जादूगार झालेल्या माझ्या नातीकडे तेव्हा जेमतेम एकदोन मंत्र; ते म्हणून झाले की त्या दिवसापुरते संपले, मग हिने त्याच्या पाठीमागे लपायचे. पण या खेळात पात्रे अनुभवाने पायरी पायरीने वर चढतात. लढवय्या चढला की त्याचा वार थोडा जोरकस होतो. जादूगार चढला की उडू लागतो, अदृश्य होतो, क्षणात दुसऱ्या गावी पोहोचतो. एकाची वाढ सरळ व्याजाने, दुसऱ्याची चक्रवाढीने. बँकेत काढलेली वर्षे मला निदान एवढे समजायला उपयोगी पडली.

आता लढाई नसली की तो मुलगा मोबाइल काढतो. दरबारात बोलणी चालली आहेत, जुन्या ताम्रपटावरची लिपी लावायची आहे, नगरशेठकडून बातमी काढायची आहे. यातले काहीच त्याला कुणी विचारत नाही. "मारामारी सुरू झाली की हाक मारा," असे तो एकदा म्हणाला आणि सगळे हसले. मला आमच्या शाखेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसणारा निवृत्त जवान आठवला. फौजेत तो वायरलेसवर होता. शाखेतला इंटरकॉम बिघडला की तोच चालू करून देई. पण हजेरीपटावर 'गार्ड', आणि ज्या दिवशी काहीच घडत नाही तो त्याच्या कामाचा उत्तम दिवस.

हा दोष परदेशातल्या जाणत्या खेळाडूंच्या नजरेतून सुटलेला नाही. त्यावर औषधे शोधणे अनेक वर्षे चालले आहे. १९८५ च्या एका पुरवणी नियमग्रंथात लढवय्याला एका शस्त्रात विशेष प्रावीण्य मिळवण्याची सोय झाली. वार अधिक अचूक, इजा अधिक. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला रणकौशल्ये भरपूर मिळाली, पण लढाईबाहेरच्या विद्यांचे रकाने जवळजवळ रिकामेच : चढणे, पोहणे, घोड्यावर बसणे, असेच काहीबाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर समतोलाचा ध्यासच घेतला. लढवय्यालाही मंत्रांसारखे डाव दिले. काही चकमकीत एकदा वापरायचे, काही दिवसातून एकदा. हिशेब जुळला, पण सगळी पात्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात अशी जुन्या खेळाडूंची तक्रार आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विसाव्या पायरीवरचा लढवय्या एका पाळीत चार वार करतो. म्हणजे फिरून वारच! जो दरबारात गप्प बसून कंटाळला आहे त्याला रणात आणखी एक वार देऊन काय व्हायचे? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरा मार्ग जादूगाराला लगाम घालण्याचा. त्यात व्यासांचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. कर्णाला इंद्राने अमोघ शक्ती दिली, पण ती एकदाच वापरायची. त्याने ती अर्जुनासाठी राखून ठेवली आणि चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने ती स्वतःवर खर्ची घालायला लावली. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येते, मागे घेता येत नाही. जेवढे शस्त्र मोठे तेवढी त्याची अट मोठी. बँकेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात, एक अधिकाऱ्याकडे आणि एक रोखपालाकडे. दोघांनी मिळून लावल्याखेरीज दार उघडत नाही. नातीला मी हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "आजोबा, माझी किल्ली काढून घेतली की त्याला काय मिळणार?" प्रश्न बिनतोड होता. एकाचे हात बांधून दुसऱ्याचे तोंड उघडत नाही.

त्याचे उत्तरही महाभारतातच आहे, आणि ते युद्धपर्वांत नाही. विराटपर्वात पांडव आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवतात. ज्यांची ओळखच धनुष्य आणि गदा, अशी ही माणसे एक वर्ष दुसऱ्याच विद्यांवर काढतात. भीम बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळतो, अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नृत्य शिकवतो, नकुल घोडे पाहतो, सहदेव गायी. धर्मराज तर कंक या नावाने विराटाशी फासेच खेळतो! (फाशांनी घर बुडवलेल्या माणसाने तीच नोकरी धरावी, ही व्यासांची थट्टा मला फार आवडते.) ते पर्व वाचताना कुणाला कंटाळा आल्याचे मी ऐकलेले नाही.

पुराणातली वांगी पुराणात म्हणाल, तर आपल्या इतिहासात या. जुलै १६६० ची पन्हाळ्याहून सुटका हा मला या खेळाचा अस्सल डाव वाटतो. आधी शरणागतीची बोलणी लावून सिद्दी जौहरचा वेढा ढिला करायचा. हे शब्दांचे काम. मग शिवा काशीदने महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसायचे. हे सोंगाचे काम, आणि प्राणांशी गाठ. आणि शेवटी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी बांदलांच्या मावळ्यांसह उभे राहायचे. मोकळ्या माळावर तीच तलवार शत्रूच्या गर्दीत बुडून गेली असती. खिंडीत तिची किंमत शतपट झाली. तेव्हा सूत्रधाराने लढवय्यासाठी गोष्टीत खिंड ठेवली पाहिजे. हेही मी नातीला सांगितले. ती म्हणाली, "जादूगार वरून उडून जाईल." मी म्हटले, "पाऊस ठेव. आषाढातला."

पण खिंडीपेक्षा मला बाजीप्रभूंचे आडनाव महत्त्वाचे वाटते. देशपांडे म्हणजे परगण्याचे दप्तर राखणारा वतनदार. गावे, शेते, वसुली, तंटे, कोण कुणाचा सोयरा, सगळे त्याच्या लेखणीखालून जाणार. ज्याच्या घराण्याने मुलूख कागदावर सांभाळला, त्याला तो पायांखालीही अधिक ओळखीचा असणार, असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे. तरी एवढे खरे की या वीराच्या घरात तलवारीच्या शेजारी दौत होती. विदेशी नियमग्रंथातल्या लढवय्याच्या हातातून ही दौत केव्हाच निसटली आहे.

नातीच्या इमारतीखालची जमीन एके काळी गिरणीची होती. लालबाग-परळचा कामगार बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ मनगटाचा माणूस वाटे. पण साच्यावर पाळी करून आलेला तोच माणूस रात्री चाळीत भजनाला पखवाज धरी आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटकात उभा राही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, शिक्षक झाले. त्यांच्या कवितेला कुठल्या रकान्यात घालणार? १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याही गेल्या. मग त्यांतल्या कित्येकांना कुठल्याशा फाटकावर वॉचमनची जागा मिळाली. त्यांना पखवाज येतो का, हे जागा देणाऱ्याने विचारण्याचे कारणच नव्हते. टेबलाशी बसून मोबाइल पाहणारा मुलगा मला का खुपतो, ते आता वाचकांच्या ध्यानात येईल. अंगात जोर असलेल्याला दुसरे काय येते हे विचारायचे नसते, ही सवय पोरे खेळता खेळताच उचलतात.

खेळ करणाऱ्यांना याची काहीच जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला पूर्वायुष्य निवडता येते : खलाशी, कारागीर, शिपाई, साधू. २०२४ च्या सुधारित नियमांत लढवय्या लढाईबाहेरच्या एखाद्या प्रयत्नात फसला, तर राखून ठेवलेला दम खर्चून त्याला आणखी एका फाशाची भर घालता येते. पाऊल चांगले आहे. मात्र पूर्वायुष्य जादूगारालाही मिळते, म्हणजे अंतर होते तेवढेच राहते. आणि जादा फासा फक्त संधी वाढवतो, हा माणूस कुठला, त्याचे कोण ऐकते, हे सांगत नाही. तेवढे काम सूत्रधाराकडे उरते. तटबंदी कुठे कच्ची आहे, सैन्याला किती दिवसांचा शिधा लागेल, हा सरदार खरोखर लढेल की नुसता गुरगुरतो आहे, हे दरबारात जादूगाराला विचारायचे कारण नाही. ते लढवय्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर फासा न टाकता खरे मानावे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी मानतो. आठवडाभर शाळा आणि क्लास करून दमलेल्या पोराला कधी कधी दरबारही नको असतो, तटबंदीही नको असते. त्याला फक्त "मी मारतो" म्हणून फासा खडखडवायचा असतो. तसे असेल तर त्याला खुशाल मारू द्यावे.