मोटारीचा इशारा-दिवा आणि त्याचा अर्थ

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका आप्तांकडे झाशीस जाण्याचा प्रसंग आला. पेशव्यांच्या अमदानीपासून त्या नगरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकीच त्यांचे एक. घराच्या अंगणात त्यांची जुनी हायब्रिड मोटार, म्हणजे पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटर या दोहोंच्या बळावर चालणारी गाडी, तीन दिवसांपासून निश्चल उभी होती. तिच्या फलकावर तांबडा त्रिकोण पेटला होता. दुरुस्ती-शाळेतील मनुष्याने एक उपकरण जोडले, त्यावर ‘पी०ए८०’ अशी अक्षरे उमटली, आणि “बॅटरी बदलावी लागेल” असा निवाडा मिळाला. तिची किंमत ऐकून आमचे आप्त गाडी भंगारात देण्याच्या विचारात होते. मला म्हणाले, “तुम्ही इंग्रजी शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करता, मग या चार शब्दांचेही करून द्या. खरेच तसे लिहिले आहे काय?”

मी ते शब्द पाहिले. निवाडा सांगणाराने काहीही खोटे सांगितले नव्हते. त्या दोषांकाचे अधिकृत इंग्रजी नावच ‘हायब्रिड बॅटरी-संच बदला’ असे आहे. परंतु भाषांतर करताना माझी लेखणी अडली. कारण हे नाव म्हणजे निरीक्षण नसून आज्ञा आहे. यंत्राने काय पाहिले ते त्यात कोठेच सांगितलेले नाही. माणसाने काय करावे एवढेच सांगितले आहे. शास्त्राच्या भाषेत ही चूक लहान नव्हे, असे माझे मत आहे, व तेच वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हे दोषांक म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या धुरामुळे हवा दूषित होते; यास्तव धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडल्यास गाडीने ते आपण होऊन सांगावे, असा दंडक प्रथम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने घातला. पुढे १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एकाच प्रकारची सोळा टोकांची जोडणी व एकाच पद्धतीचे दोषांक सक्तीचे झाले. आपल्या देशात भारत स्टेज-४ या मानकाच्या मोटारींना १ एप्रिल २०१३ पासून अशी विकसित पद्धत लागू झाली. दोषांकात पहिले अक्षर गाडीचा विभाग दर्शविते. ‘पी’ म्हणजे इंजिन व शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, ‘सी’ म्हणजे सांगाडा व ब्रेक, ‘बी’ म्हणजे शरीर, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतील संगणकांचे परस्पर दळणवळण. त्यापुढे शून्य असल्यास तो अंक सर्व उत्पादकांना समान असतो. एक असल्यास तो त्या उत्पादकाचा स्वतःचा असतो.

आता बॅटरीकडे वळू. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आलेली व भारतात २०१० साली आलेली टोयोटा प्रियस ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीतील बॅटरी-संचात निकेल-मेटल हायड्राइडचे २८ खंड एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक खंडात १.२ व्होल्टचे सहा घट, म्हणजे ७.२ व्होल्ट, आणि सर्वांची बेरीज २०१.६ व्होल्ट. गाडीतील संगणक दोन-दोन खंडांच्या जोड्या करून त्यांच्या विद्युत्-दाबाची सतत तुलना करीत असतो. एखादी जोडी इतरांहून ठराविक मर्यादेपलीकडे मागे पडली की तो दोषांक नोंदवितो व दिवा लावतो. संगणकाला दिसतो तो केवळ दाबातील फरक. तो फरक का पडला, हे पाहावयास त्याला डोळे नाहीत.

आणि कारणे तर अनेक असू शकतात. एखादा घट खरोखर जीर्ण झालेला असेल. खंड जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर किंवा दाब मोजणाऱ्या तारांच्या टोकांवर गंज चढला असेल, तर चांगला घटही दुबळा भासेल. बॅटरीला थंड ठेवणारा पंखा धुळीने तुंबला असेल, तर मधले खंड अधिक तापून लवकर झिजतील. तेव्हा केवळ बॅटरी बदलून पंखा तसाच ठेवला तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल. ज्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व लू सुटली की घरभर धूळ बसते, तेथे या तिसऱ्या कारणाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. याखेरीज १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरली असता गाडीतील संगणक गोंधळून भलतेच दोषांक दाखवितात, हेही अनुभवास येते.

आमच्या आप्तांच्या गाडीचे शेवटी काय झाले? एका अनुभवी मिस्त्रीने मागील आसनाजवळची पंख्याची जाळी उघडली, तेव्हा तीत धूळ व गादीच्या कापसाचा लगदा निघाला. जोडपट्ट्यांवर हिरवा गंज होता. तो साफ केल्यावर गाडीवर भार देऊन प्रत्येक जोडीचा दाब पुन्हा मोजण्यात आला. एक जोडी मात्र खरोखर दुबळी निघाली. तिच्यातील एक खंड बदलावा लागला. म्हणजे पहिला निवाडा सर्वस्वी चूक नव्हता, पण पुराव्याहून पुष्कळ पुढे गेलेला होता. उरलेले खंडही तितकेच जुने असल्याने ही दुरुस्ती चिरकाल टिकेल असे मिस्त्रीने सांगितले नाही, आणि हा त्याचा प्रामाणिकपणाच मला अधिक मोलाचा वाटला.

इशारा व निदान यांतील हा भेद झाशीला नवा नाही. रेल्वेच्या कारखान्यांत व स्थानकांवर चाके हातोडीने ठोकून पाहण्याची जुनी रीत होती. चाक खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर ते बाजूला काढीत. पण बद्द आवाज ऐकून तडा कोठे आहे हे कोणी सांगत नसे. त्यासाठी चाक तपासावे लागे. झाशीच्या भेल कारखान्यात रोहित्रे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तयार होतात. मोठ्या रोहित्रांवर बुखोल्झ रिले नावाचे साधन बसवितात. आत तेलाचे विघटन होऊन वायू जमला की ते इशारा देते. तेव्हा शहाणा अभियंता तो वायू गोळा करून तपासतो. इशारा मिळाला म्हणून रोहित्र मोडीत काढीत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह प्राणघातक असतो. अशा गाडीतील नारिंगी रंगाच्या तारांना अशिक्षित हाताने स्पर्शही करू नये. तज्ज्ञदेखील प्रथम सुरक्षा-खटका काढतात, धारित्रांतील वीज उतरण्यासाठी सुमारे दहा मिनिटे थांबतात व रबरी हातमोजे घालूनच काम करतात. मग ही माहिती सामान्यांस देऊन उपयोग काय? माझे उत्तर असे की, हात तज्ज्ञाचेच असावेत, परंतु निवाडा समजून घेण्याचा अधिकार गाडीच्या धन्याचा आहे. शस्त्रक्रिया आपण करीत नाही, तथापि ती का करावयाची हे वैद्यास विचारतोच ना?

यास्तव तीन गोष्टी मला आवश्यक वाटतात. पहिली ही की, दोषांकाचे देशी भाषांत रूपांतर करताना त्याचे नाव निरीक्षणाच्या रूपात द्यावे. ‘बॅटरी बदला’ असे न म्हणता ‘बॅटरीच्या खंडांच्या दाबात मर्यादेबाहेर तफावत’ असे म्हणावे. दुसरी ही की, दोषांक नोंदला गेला त्या क्षणीची गती, तापमान वगैरे जी माहिती संगणक साठवून ठेवतो, ती ग्राहकाला लेखी द्यावी. दोषांक पुसून टाकल्यास ही माहितीही पुसली जाते. म्हणून दिवा विझविण्याच्या घाईने आधी दोषांक पुसणे म्हणजे ताप वाचण्यापूर्वीच तापमापक झटकून ठेवण्यासारखे आहे. तिसरी ही की, दुरुस्तीची माहिती खुली असावी. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली व तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला. ही दिशा योग्य आहे. मात्र ती माहिती इंग्रजीतच राहिली, तर ती झाशीच्या किंवा सांगलीच्या मिस्त्रीस पुरती खुली झाली असे म्हणता येणार नाही.

शाळेतील मुलांना हे सारे तीन सुक्या घटांच्या विजेरीवर पाहता येईल. एक घट जुना घालावा. दिवा मंद होईल. मग तिन्ही घट नवे घालून एका टोकावर कागदाचा लहानसा कपटा असा ठेवावा की धातूचा स्पर्श जेमतेम होईल. दिवा पुन्हा मंद होईल वा लुकलुकेल. दोन्ही वेळा दिवा जवळजवळ सारखाच दिसतो, पण कारण निराळे असते. ते शोधण्यासाठी घट एकेक करून मोजावा लागतो व टोके पुसून पाहावी लागतात. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा स्वतः केले, तो पुढे कोणत्याही यंत्राचा दिवा पेटला असता प्रथम ‘काय मोजले?’ असे विचारील, आणि ‘काय बदलू?’ हा प्रश्न त्यानंतर.