अनोळखी माणसाचे पत्र

जुलै २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, एका वीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची बातमी देशभर गाजली. फेसबुकवर कराचीच्या एका मुलीशी त्याची ओळख झाली, व्हॉट्सॲपवर ती वाढली आणि टाळेबंदीच्या त्या दिवसांत गूगलच्या नकाशावर विसंबून तो तिला भेटायला निघाला. हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून तो कच्छच्या रणात पोहोचला. तेथे मोटारसायकल रुतली आणि तहानेने तो कोसळला. सीमा सुरक्षा दलाच्या जवानांना वेळेवर सापडला म्हणून वाचला. पाकिस्तानची सीमा तेथून जवळच होती.

आमच्या प्राध्यापक मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी विनोदांना ऊत आला होता. लैला-मजनूपासून पेट्रोलच्या भावापर्यंत सारे काही झाले. आम्हीही हसलो. साहित्य शिकवणाऱ्या माणसांनी त्या हसण्याचा हिशेब द्यायला हवा, असे आता वाटते.

कारण ज्या गोष्टीला आम्ही हसलो, तिच्याच एका जुन्या रूपाविषयी आम्ही वर्गात आदराने बोलतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांची अमेरिकेची वाट एका अनोळखी बाईच्या पत्रातून निघाली. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती एक मिशनरी मासिक पडले. त्यात गोपाळरावांचा पत्रव्यवहार छापला होता. तो वाचून त्यांनी पत्र धाडले. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते, तरी अक्षरांतूनच मावशी-भाचीचे नाते जुळले. धर्म, चालीरीती, प्रकृती या साऱ्यांविषयी लिहिणे झाले, अमेरिकेतून औषधे आली. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारी व्यक्ती त्यांना केवळ पत्रांतून ठाऊक होती. १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा पुढे न्यूयॉर्क राज्यात, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.

कोणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून केली आहे. तो स्नेह विद्येसाठी होता आणि हा मोह आहे. आक्षेपात तथ्य आहे, परंतु फरक कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. तो शब्दांच्या खरेपणात नाही. आनंदीबाईंना पतीचा केवळ पाठिंबाच नव्हे तर आग्रह होता. जाण्याआधी त्यांनी श्रीरामपूर येथे जाहीर सभेत आपली बाजू मांडली होती. पलीकडे एक घर उघडे होते, आणि आजच्यासारखी व्हिसाची अट तेव्हा नव्हती. आमच्या जिल्ह्यातील मुलाजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्याच्याकडे फक्त शब्द होते.

शब्दांवर विसंबून सीमा ओलांडली तर काय होते, हे मुंबईच्या हमीद अन्सारीने भोगले. फेसबुकवरून ओळख झालेल्या मुलीसाठी हा तरुण अभियंता नोव्हेंबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात शिरला आणि कोहाटला पकडला गेला. लष्करी न्यायालयाने त्याला हेर ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१८ मध्ये तो अटारीमार्गे परतला, तेव्हा सहा वर्षे उलटून गेली होती.

मग कागदाच्या वाटेने जावे. तिथेही शब्दांना फारशी किंमत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये तीस दिवसांची जाहीर नोटीस द्यावी लागते. अमेरिकेचा वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा मागताना, मागील दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झाली होती हे साधारणतः दाखवावे लागते आणि तेथे उतरल्यावर नव्वद दिवसांत लग्न करावे लागते. हजारो संदेशांपेक्षा तिकिटाचा एक तुकडा तेथे मोठा. हे कागद जुळवून, भेटी घेऊन सुखाने संसार करणारी जोडपी पुष्कळ आहेत; त्यांची बातमी होत नाही, इतकेच.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात मात्र ही वाटही भरवशाची नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी मुलखातील काही कुटुंबे कराचीला गेली. म्हणजे आमच्या मराठवाड्याला कराची अगदीच परकी नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हिसे रद्द झाले, अटारीचे नाके बंद झाले आणि रीतसर लग्न करून नांदणाऱ्या बायका लेकरांपासून तुटताना देशाने पाहिल्या.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की अनोळखी माणसाच्या शब्दांवर जीव जडणे हा वेडेपणा नव्हे. वाङ्मयाचा सारा व्यवहारच त्यावर उभा आहे. चूक आहे ती त्या शब्दांचे वाचन न शिकवण्यात, आणि ही चूक आमच्या पदरात पडते. आमचे विद्यार्थी रात्र-रात्र परक्या माणसांचे लिहिणे वाचतात. आम्ही त्यांना पत्रवाङ्मयाची वैशिष्ट्ये पाच गुणांसाठी पाठ करायला लावतो. हे कोण लिहिते आहे, कोणासाठी लिहिते आहे, काय लपवते आहे, हे प्रश्न परीक्षेच्या कागदावरच राहतात. ज्या लिहिण्यात समोरच्याचा हट्ट नाही, कंटाळा नाही, घरातली कटकट नाही, प्रत्येक वाक्य नेमके आपल्या मनासारखे आहे, तेथे वाचकाने थबकायला हवे. परदेशातून पाठवलेली भेटवस्तू विमानतळावर अडकली आहे, शुल्क भरा, असे सांगून विवाहेच्छुकांना लुबाडणाऱ्यांची पत्रे हीच रीत पाळतात. मिसेस कार्पेंटर आणि आनंदीबाई यांच्या पत्रांत मात्र दोन सबंध माणसे दिसतात, आणि एकीचे दुखणे दुसरीला कळते.

आणि वाचून विश्वास बसलाच, तर पुढची वाट रणातून जात नाही, हेही आपणच सांगायला हवे. ते सांगण्याइतकी मोकळीक घरात नसेल, तर निदान वर्गात असावी. त्या मुलाने निघण्यापूर्वी एखाद्या मास्तरला विचारले असते तर आम्ही काय उत्तर दिले असते, याचा विचार केला की ते हसणे घशात अडकते.

तो मुलगा सुखरूप घरी आला. आज त्याने पंचविशी ओलांडली असेल. कराचीच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मात्र त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.