आदित्यच्या डोळ्याला उन्हाचीच बाधा! अंतराळातले कॅमेरे खराब का होतात?

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलात, तर रात्री मोबाईलवर आकाशाचे चार-पाच फोटो काढा आणि झूम करून बघा. एखादा रंगीत ठिपका प्रत्येक फोटोत नेमका त्याच जागी दिसला, तर तो तारा नाही. तो सेन्सरमधला बिघडलेला पिक्सेल आहे.

मोबाईलमध्ये हे चालून जातं. पण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आदित्य-एल१ चं काय? त्यावरची ‘सूट’ ही सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. तिच्या सीसीडी सेन्सरवर दीड कोटीहून जास्त पिक्सेल आहेत.

बिघाड नेमका कसा होतो?

सिलिकॉनमधले अणू संत्र्याच्या बागेतल्या झाडांसारखे ओळीत बसलेले असतात. वेगवान प्रोटॉन आदळला की एखादा अणू उखडतो आणि तिथे खड्डा राहतो. मग दोन गोष्टी होतात. उजेड नसतानाही तिथून वीज झिरपते आणि फोटोत खोटा ठिपका उमटतो. शिवाय सीसीडीमध्ये विद्युतभार एका पिक्सेलमधून दुसऱ्यात सरकत बाहेर येतो. तो खड्ड्यात अडकून उशिरा सुटला, की चित्राला शेपूट फुटते.

हे आधी घडलंय का?

हो. शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचं नाव असलेली ‘चंद्रा’ दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अंतराळात गेली. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यातले प्रोटॉन तिच्या आरशांवरून थेट सेन्सरवर पोचले आणि काही आठवड्यांतच काही सीसीडी कायमचे अधू झाले. तेव्हापासून त्या पट्ट्यातून जाताना तो कॅमेरा आरशांसमोरून बाजूला सरकवतात.

मग उपाय काय?

सेन्सर थंड ठेवला की झिरपणारी वीज कमी होते. हबलचे सीसीडी ठरावीक काळाने थोडे गरम करतात, त्यामुळे बरेच खराब पिक्सेल सुधारतात. उरलेल्यांची नोंद ठेवून फोटो दुरुस्त करतात.

हबलपर्यंत अंतराळवीर पाच वेळा पोचले. आदित्यपर्यंत कोणी जाणार नाही. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं कवचही नाही आणि आदित्य पोचला तो सूर्य ऐन भरात असताना, जानेवारी २०२४ मध्ये. मोहीम पाच वर्षांची आहे. सूर्यावरचा खरा स्फोट आणि सेन्सरवरचा खोटा ठिपका यांतला फरक तोवर अचूक ओळखता यायला हवा. सौरवादळाचा अभ्यास त्यावरच टिकून आहे.